वीजमीटरचा एक क्लास लिहा आणि ओओपीच्या संज्ञा जागच्या जागी समजून घ्या

ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. त्यातल्या क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या व्याख्या पाठ केल्या तर तोंडी परीक्षा निघून जाते. कोड लिहायला बसलं की मात्र काय कुठे वापरायचं ते सुचत नाही. म्हणून इथे आधी एक छोटं काम घेऊ आणि गरज पडेल तशी एकेक संज्ञा पाहू. काम असं: वीजमीटरचं रीडिंग नोंदवायचं आणि किती युनिटं जळली ते काढायचं. भाषा पायथन ३.

टाइप करताना एक लक्षात ठेवा. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, क्लासची, मेथडची नावं देवनागरीत चालतात. क्लास, डेफ, सेल्फ, इनिट, इफ, रेझ, रिटर्न, अपेंड, सुपर, मॅक्स असे पायथनचे शब्द मात्र रोमन लिपीत टाइप करायचे आणि आकडेही इंग्रजी. इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत दिलं आहे.

    क्लास मीटर:
        डेफ __इनिट__(सेल्फ, ग्राहक, रीडिंग):
            सेल्फ.ग्राहक = ग्राहक
            सेल्फ._रीडिंग = रीडिंग
            सेल्फ.नोंदी = []

        डेफ नोंदव(सेल्फ, नवं):
            इफ नवं < सेल्फ._रीडिंग:
                रेझ व्हॅल्यूएरर("रीडिंग मागे गेलं")
            युनिट = नवं - सेल्फ._रीडिंग
            सेल्फ._रीडिंग = नवं
            सेल्फ.नोंदी.अपेंड(युनिट)
            रिटर्न युनिट

        डेफ बिलयुनिट(सेल्फ):
            रिटर्न सेल्फ.नोंदी[-१]

    घर = मीटर("घर", ४५२०)
    दुकान = मीटर("दुकान", ११०८०)
    घर.नोंदव(४६७०)

शेवटची ओळ १५० परत देते.

‘मीटर’ हा क्लास: मीटरजवळ कोणती माहिती असते आणि त्याला काय करता येतं, याचं वर्णन. ‘घर’ आणि ‘दुकान’ हे त्या वर्णनावरून तयार झालेले दोन ऑब्जेक्ट, म्हणजेच इन्स्टन्स. ग्राहक, रीडिंग, नोंदी हे ॲट्रिब्यूट, म्हणजे मीटरजवळची माहिती. नोंदव आणि बिलयुनिट या मेथड, म्हणजे मीटरला करता येणारी कामं. नोंदी[-१] म्हणजे यादीतली शेवटची नोंद. ऑब्जेक्ट तयार होताना इनिट आपोआप चालतं आणि सुरुवातीची माहिती भरतं. ‘सेल्फ’ म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली तो ऑब्जेक्ट. घर.नोंदव(४६७०) लिहिलं की पायथन ‘घर’ हा पहिला आर्ग्युमेंट (मेथडला कंसातून दिलेली माहिती) म्हणून स्वतःच पाठवतो.

‘नोंदव’मधला क्रम मुद्दाम तसा आहे. आधी तपासणी, मग हिशोब, शेवटी बदल. रीडिंग आधी बदलून मग तपासलंत, तर एरर येईपर्यंत चुकीचा आकडा आत जाऊन बसलेला असतो.

एन्कॅप्सुलेशन ते हेच. रीडिंग बदलायची वाट एकच, ‘नोंदव’, आणि तिथे नियम उभा आहे. जुन्या पाच अंकी मीटरचा आकडा ९९९९९ नंतर ००००० वर येतो, तेव्हा आपला नियम खरं रीडिंगही नाकारेल. पण दुरुस्ती एका मेथडमध्येच करावी लागते, सगळ्या प्रोग्रॅममध्ये शोधत फिरावं लागत नाही. नावाआधीचा अंडरस्कोर म्हणजे ‘बाहेरून हात लावू नका’ असा संकेत. पायथन तो सक्तीने पाळायला लावत नाही. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये प्रायव्हेट लिहिलं की कंपायलरच अडवतो.

आता नवशिक्यांना हमखास नडणारी जागा. ‘नोंदी = []’ ही ओळ इनिटमधून काढून थेट क्लासखाली लिहिली तर काय होतं? घरचे १५० युनिट नोंदवा आणि दुकान.नोंदी छापून बघा: तिथेही १५०. अपेंड करताना पायथन ‘नोंदी’ आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये जातो, आणि क्लासमध्ये यादी एकच असते. सगळे मीटर तीच वापरतात. आकड्याच्या बाबतीत हा घोटाळा दिसत नाही, कारण ‘सेल्फ._रीडिंग = नवं’ ही ओळ ऑब्जेक्टवर नवीन ॲट्रिब्यूट तयार करते. त्यामुळे चूक बरेच दिवस लपून राहते. नियम सोपा ठेवा: प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची असलेली गोष्ट इनिटमध्येच, सेल्फ लावून.

तसंच ‘दुसरा = घर’ लिहिल्याने दुसरा मीटर होत नाही, एकाच मीटरला दोन नावं मिळतात. दुसऱ्यावर नोंदवलं की घरचं रीडिंग बदलतं.

छतावर सोलर बसवलं की नेट मीटर येतो. तो घेतलेली वीज मोजतो आणि ग्रिडला दिलेलीही.

    क्लास नेटमीटर(मीटर):
        डेफ __इनिट__(सेल्फ, ग्राहक, रीडिंग, दिलेलं):
            सुपर().__इनिट__(ग्राहक, रीडिंग)
            सेल्फ.निर्यात = मीटर(ग्राहक, दिलेलं)

        डेफ बिलयुनिट(सेल्फ):
            घेतले = सुपर().बिलयुनिट()
            दिले = सेल्फ.निर्यात.बिलयुनिट()
            रिटर्न मॅक्स(०, घेतले - दिले)

नेट मीटर हा मीटरच आहे, म्हणून इन्हेरिटन्स: ‘नोंदव’ पुन्हा लिहावी लागली नाही. सुपर() लिहिलं की मूळ क्लासची, म्हणजे इथे ‘मीटर’ची, मेथड चालते. त्याच्या पोटात निर्यातीचा आणखी एक मीटर आहे, ती कॉम्पोझिशन. ‘आहे’ आणि ‘जवळ आहे’ हा फरक आधी बोलून बघा, मग कोड लिहा. कोड वाचवण्यासाठी ‘ग्राहक’ असा क्लास मीटरपासून इन्हेरिट करून बनवणं चूक, कारण ग्राहक हा मीटर नव्हे.

‘बिलयुनिट’ नेटमीटरमध्ये नव्याने लिहिली, हे ओव्हररायडिंग. घेतले १५०, दिले ९०, तर उत्तर ६०. आता साधे आणि नेट असे सगळे मीटर एका यादीत टाकून प्रत्येकावर बिलयुनिट() बोलवा. ज्याची त्याची मेथड चालते, कुठला मीटर कोणत्या प्रकारचा हे इफ लावून विचारावं लागत नाही. हे पॉलिमॉर्फिझम. बोलावणाऱ्याला आतला हिशोब माहीत असायची गरज नाही, हे ॲब्स्ट्रॅक्शन. (जास्त दिलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढायची असतात, तो भाग इथे सोडला आहे, सरावाला उत्तम.)

या कल्पना नव्या नाहीत. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि उपक्लास होते. खऱ्या जगातल्या हालचालींचं सिम्युलेशन करायला ती भाषा होती, म्हणून मीटरसारखी वस्तू घेऊन शिकणं या पद्धतीला मानवतं.

एरर आली की घाबरू नका, ओळ वाचा. ‘टेक्स १ पोझिशनल आर्ग्युमेंट बट २ वेअर गिव्हन’ म्हणजे बहुधा मेथडच्या कंसात सेल्फ राहिलं. ‘टेक्स नो आर्ग्युमेंट्स’ आलं तर इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर आहेत का ते मोजा. नेटमीटरमध्ये ‘नोंदी’ नावाचा ॲट्रिब्यूट नाही अशी तक्रार आली, तर सुपर().__इनिट__ विसरलं. एकही नोंद नसताना बिलयुनिट बोलावली तर इंडेक्सएरर येते. आणि उत्तराऐवजी ‘बाउंड मेथड’ छापलं गेलं, तर शेवटचा कंस राहिला.

एक चूक मात्र एरर देत नाही. घर.नोंदी ऐवजी घर.नोंदि = [] असं ऱ्हस्व लिहिलंत तर पायथन निमूटपणे नवा ॲट्रिब्यूट बनवतो आणि जुनी यादी जशीच्या तशी राहते. देवनागरी नावं वापरताना हे फार सहज होतं. उपाय: क्लासखाली __स्लॉट्स__ लिहून परवानगी असलेल्या नावांची यादी द्या, म्हणजे भलतं नाव लिहिताच ॲट्रिब्यूटएरर येईल. नेटमीटरमध्येही स्लॉट्स लिहायला हवेत, फक्त नव्या ‘निर्यात’ या नावासह. नाहीतर तिथे पुन्हा कुठलंही नाव चालतं.