इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग : या चुका टाळा, निदान पहिली तरी

‘सर, पॅनेलवरच्या सहा मुख्य डायलपैकी सगळ्यात महत्त्वाचं इन्स्ट्रुमेंट कुठलं?’ बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर पहिल्यांदा हूड चढवणारं प्रत्येक पोर हे विचारतं. उत्तर सोपं आहे : ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे आपलं होरायझन. ढगात शिरल्यावर नाक वर की खाली आणि पंख कुठे झुकलेत, हे एका नजरेत सांगणारं दुसरं काही पॅनेलवर नाही. पण एवढं सांगितलं की पोरं बाकीच्या पाचांकडे बघायचंच सोडतात. म्हणून हल्ली मी उत्तर देत नाही, आधी पुढचं सगळं ऐकवतो.

होरायझनवर आंधळा भरवसा

जुन्या सेसना १७२ या छोट्या विमानात होरायझन आणि डीजी, म्हणजे हेडिंग दाखवणारा डायल, व्हॅक्यूम पंपावर चालतात. टर्न कोऑर्डिनेटर, म्हणजे वळण दाखवणारा डायल, विजेवर. एक बाजू गेली तरी दुसरी राहावी म्हणून ही वाटणी. आता पंप बंद पडला की होरायझन धाडकन कोसळेल असं पोरांना वाटतं. तसं होत नाही. जायरोचा, म्हणजे आत गरगरणाऱ्या चाकाचा, वेग हळूहळू उतरतो आणि होरायझन सावकाश, कुणाला त्रास न देता कलंडतं.

एकदा दिवाळीच्या सुमारास, स्वच्छ हवेत, हूड घातलेला विद्यार्थी तीन हजार फुटांवर सरळ उडत होता. माझी नजर पंपाची ओढ दाखवणाऱ्या सक्शन गेजवर गेली तर काटा शून्यावर. मी गप्प राहिलो. बाहेर मला सगळं दिसत होतं आणि असा धडा मागून मिळत नाही. होरायझन उजवीकडे कलायला लागलं, तसा हा पठ्ठ्या अगदी हलक्या हाताने डावीकडे भरपाई करत गेला. डायलवर पंख समतल; प्रत्यक्षात आम्ही डावीकडे चांगलेच झुकलेले. टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान डाव्या खुणेच्या पार खाली, अल्टिमीटर उतरतोय, वेग धोक्याच्या पिवळ्या पट्ट्याकडे. त्याला फक्त उतरणारी उंची दिसली आणि त्याने योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढला. वळणात ओढलं की उंची मिळत नाही, वळण आणखी आवळतं. तिथे मी कंट्रोल घेतला. खाली आल्यावर साहेबांचं म्हणणं, ‘पण सर, होरायझन तर लेव्हल होता!’

हे फक्त शिकाऊंचं होतं असं समजू नका. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. समोर काळा समुद्र, क्षितिज नाही. उजवं वळण संपलं तरी कॅप्टनसमोरचं इंडिकेटर उजवा झुकावच दाखवत राहिलं आणि त्यांनी विमान डावीकडे घातलं, इतकं की ते नव्वद अंशांच्याही पलीकडे गेलं. दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. पॅनेलवर आणखी दोन होरायझन होती, एक को-पायलटसमोर, एक स्टँडबाय. पायलट मंडळी ही गोष्ट ऐकून माना हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच डायलला चिकटतात.

माझी सवय अशी : होरायझनवर काही बदललं की हात हलवण्याआधी टर्न कोऑर्डिनेटरकडे एक नजर. दोघांचं पटलं तरच पुढे. नाही पटलं तर तिसरा साक्षीदार : डीजी, आणि पंपाचाच संशय असेल तर कंपास. कंपास फिरत नसेल तर आपण वळत नाही आहोत. होरायझन खोटं ठरलं की ते झाकायचं, बोर्डिंग पासने झाका, चिठ्ठीने झाका, पण झाका. उघडं राहिलं तर डोळा तिकडेच जातो. आणि स्पायरलमधून, म्हणजे अशा आवळत उतरणाऱ्या वळणातून, बाहेर येताना आधी पॉवर कमी, मग टर्न कोऑर्डिनेटरवर पंख समतल, मग नाक. हा क्रम उलटा करणारा कुणी मला अजून सुखाने सुटलेला दिसला नाही.

घरच्या सिम्युलेटरवर तासन्‌तास घालवलेली मुलं इथे हमखास फसतात. खुर्चीत तोल सांगणारा कान खोटं बोलत नाही. हवेत मात्र हळूहळू सुरू झालेलं वळण कानाला कळतच नाही, आणि सरळ झाल्यावर उलट वळतोय असं वाटतं.

व्हीएसआयच्या मागे धावणं

व्हीएसआय म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा डायल. हा काटा सहा ते नऊ सेकंद उशिरा खरं बोलतो. अधीर विद्यार्थी तो शून्यावर आणायला नाक वरखाली करतो आणि अख्खं विमान डोलवतो. मी सरळ टेप लावतो त्यावर. आठवडाभर रडारड होते, मग उंची आपोआप धरता येते.

क्यूएनएच ‘साधारण’ लावणं

क्यूएनएच म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा त्या ठिकाणचा हवेचा दाब. जुलैत मुंबईचा दाब १००३-१००४ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. सेटिंग १०१३ वर राहिलं तर अल्टिमीटर जवळजवळ तीनशे फूट जास्त दाखवणार. कॅट वन आयएलएसची, म्हणजे रेडिओच्या आधाराने उतरण्याच्या साध्या पद्धतीची, डिसिजन हाइट, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायची उंची, २०० फूट. हिशेब तुम्हीच करा.

डीजी एकदा लावून विसरणं

दर पंधरा मिनिटांनी कंपासशी जुळवा, तेही सरळ आणि स्थिर वेगात. वळणात जुळवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना पुन्हा पहिल्या धड्यावर पाठवतो.

पिटो ट्यूबकडे दुर्लक्ष

पिटो म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी नळी. ढगात शिरण्याआधी पिटो हीट, म्हणजे तिचा हीटर, चालू, शिरल्यावर नाही. अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाला २००९ मध्ये पिटोत बर्फ साचून वेगाचे आकडे काही काळच चुकले होते, पण गोंधळ उडायला तेवढं पुरलं. आपल्याकडे बर्फाआधी कुंभारीण माशी भेटते : विमान दोन दिवस उघडं ठेवलं की नळीत मातीचं घर तयार. नळी पूर्ण बंद झाली तर चढताना डायलवरचा वेग वाढत जातो, उतरताना घटतो, म्हणजे एअरस्पीड इंडिकेटर अल्टिमीटरसारखा वागायला लागतो. टेकऑफच्या धावेत काटा हलला की मोठ्याने ‘एअरस्पीड अलाइव्ह’ म्हणायचं ते यासाठीच; काटा हलला नाही तर तिथेच थांबायचं. आणि विमान लावलं की पिटोला कव्हर. उडण्याआधी ते काढायचं असतं, हेही मला सांगावं लागलेलं आहे.