ग्रुप स्टडी रूममध्ये बसताना

खोली तासाभरासाठीच मिळते आणि त्यातली पंधरा मिनिटं केबलच्या झटापटीत जातात. म्हणून चार्जर, लॅपटॉप भिंतीवरच्या स्क्रीनला जोडायची एचडीएमआय केबल आणि अडॅप्टर आदल्या रात्रीच बॅगेत टाका.

लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्टही आधी तपासा. सगळी पोर्टं दिसायला सारखी, पण प्रत्येकातून चित्र बाहेर जातंच असं नाही. मागच्या सेमिस्टरला माझी केबल घट्ट बसली होती, चार्जिंग चालू होतं, तरी भिंतीवरचा स्क्रीन काळाच! पोर्ट ठीक असेल तर विंडोजवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

खरी गंमत पुढे आहे. एकच गूगल डॉक उघडा, पण टायपिंग एकट्याच्या गळ्यात मारू नका. आम्ही चौघं प्रत्येकी एक प्रश्न घेतो, वीस मिनिटं गप्प लिहितो, मग दुसऱ्याचं उत्तर मोठ्या स्क्रीनवर वाचतो. दुरुस्ती ‘सजेस्टिंग’ मोडमध्येच करा. मूळ वाक्य दिसत राहतं आणि कोणी काय बदललं ते कळतं. चुकून परिच्छेद उडाला तर व्हर्जन हिस्टरीत जुनी प्रत सापडते.

आकृत्या मात्र व्हाइटबोर्डवरच काढा. हातात मार्कर आला की एरवी गप्प बसणारी मैत्रीणही बोलायला लागते, हे मी कितीदा पाहिलंय. पुसण्याआधी फोटो काढून डॉकमध्ये टाका.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: लॉग-आउट करा, फळा पुसा, खुर्च्या जागेवर लावा. बाहेर पुढचा ग्रुप उभा असतो.