गाड्या भरण्याआधीची अंगणवाडी

बालाघाटाच्या डोंगरकडेला, बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर मी सोळा वर्षं अंगणवाडी चालवते. आमच्याकडे शरद ऋतू म्हणजे मोजून पाच-सहा आठवडे. पितृपक्ष संपतो, घट बसतात, सोयाबीन काढणीला येतं, कापसाची बोंडं फुटायला लागतात. दसरा झाला की ऊसतोडीची माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या वाडीत दिसू लागतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. माझ्या पटावरच्या बत्तीस लेकरांपैकी निम्मी त्यांच्यासोबत जातात, बाकीची आजीपाशी राहतात. म्हणून लेकरांसोबत जे करायचं आणि आईबापाशी जे बोलायचं, ते मी याच आठवड्यांत उरकते. तुमच्याकडे ऊसतोड नसेल, पण कामावर जाणारे आईबाप सगळीकडेच आहेत. यातलं जमेल ते घ्या.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी नवरात्रात नऊ दिवसांच्या नऊ रंगांची सूचना फळ्यावर लिहिली. सगळीकडे चाललं होतं, मलाही वाटलं लेकरं छान दिसतील. तिसऱ्या दिवशी एक चार वर्षांची मुलगी आली नाही, चौथ्या दिवशीही नाही. घरी गेले तर आई म्हणाली, "बाई, तिच्याकडं राखाडी काही नाही. उगं रडती म्हणून ठिवली घरी." पोषण आहाराचं ताट सोडून ते लेकरू माझ्या सूचनेमुळे घरात बसलं होतं. त्या दिवसापासून एक नियम पाळते: ज्यासाठी दुकानात जावं लागेल असं काहीही घराकडे मागायचं नाही. मागायचं ते घरात किंवा शिवारात असलेलंच, आणि तेही मूठभर.

मूठभर धान्य

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्रत्येक लेकराने घरून एक मूठ माती आणायची, आणि दुसऱ्या दिवशी एक मूठ धान्य. ज्या घरात जे असेल ते. ज्वारी, गहू, बाजरी, हरभरा, काहीही चालतं. कागदाच्या पुडीत आणलं तरी चालतं. माती निरनिराळ्या रानांतली असते. कुणाची काळी, कुणाची मुरमाड, कुणाची लालसर. ती आधी एका ओळीत मांडा आणि हात घालू द्या. पहिला अर्धा दिवस यातच जातो आणि जाऊ द्यावा. "माझी माती चिकट हाय," असं तीन वर्षांचं लेकरू स्वतःहून म्हणतं, तेव्हा भाषेचा तास आपोआप झालेला असतो.

मग पत्रावळीत माती पसरून धान्य पेरा. रोज एका लेकराने पाणी शिंपडायचं, तेही वाटीने नाही, बोटांनी. वाटी दिली की चिखल होतो आणि दाणे कुजतात. दोन पत्रावळ्या करा. एक खिडकीत ठेवा, दुसरी टोपलीखाली झाका. तीन-चार दिवसांत कोंब येतात, आणि दसऱ्यापर्यंत उजेडातले हिरवे, झाकलेले पिवळे आणि लांबुळके दिसतात. हे का झालं ते सांगायची घाई करू नका. "यांना काय झालं असेल?" एवढंच विचारा. एका मुलाने मला सांगितलं होतं, "ती झाकलेली दार शोधायलीत." मी ते वाक्य जसंच्या तसं त्याच्या आईला सांगितलं. ती सोयाबीनच्या पेंढ्या बांधत होती, हातातलं काम थांबवून हसली.

माझ्याकडे मुसलमान आणि बौद्ध घरांतलीही लेकरं आहेत. म्हणून आमच्या वर्गात हे पेरणीचं काम असतं, पूजा ज्याच्या त्याच्या घरी. हे पालकांना आधीच, तोंडाने सांगा. मागाहून कानावर गेलं तर दोन्ही बाजूंना खुपतं.

खिरापतीचा झाकलेला डबा

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे हादगा असतो, पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई असते. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. मला त्यातलं हे ओळखणं बालवाडीसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. मी ते इथे आणलं, आणि मुलींसोबत मुलग्यांनाही फेरात घेतलं.

रोज एका घरून एक झाकलेला डबा येतो. आत काय आहे ते लेकरू आणि त्याची माय, दोघांनाच ठाऊक. गुपित सांभाळायचं म्हणून ते लेकरू इतकं ताठ बसतं की बघत राहावं. बाकीची डबा हलवतात, वास घेतात, विचारतात: गोड का तिखट? भाजलेलं का उकडलेलं? चावावं लागतं का? प्रश्न विचारायला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही. एरवी वर्गात प्रश्न आपणच विचारतो आणि लेकरं उत्तरं देत बसतात.

तांड्यावरून येणारा एक मुलगा दोन महिने माझ्याशी अवाक्षर बोलला नव्हता. त्याच्या डब्याच्या दिवशी सगळी हरली, तेव्हा तो उठून म्हणाला, "बाटी! याडीनं केली." गोरमाटी ही बंजाऱ्यांची बोली. तिच्यात बाटी म्हणजे भाकरी, याडी म्हणजे आई. त्या दिवशी एकतीस लेकरं त्याच्याकडून दोन शब्द शिकली. घरची बोली वर्गात आली की लेकरू वर्गात येतं.

डब्याचा निरोप देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. घरात जे रोज शिजतं तेच द्या. अगदी थोडं द्या, चाखण्यापुरतं. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा सुपारीसारखं कडक काही नको, पाच वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनळीत ते अडकतं. शेंगदाण्याचा कूट चालेल. कुणाला एखाद्या पदार्थाने पुरळ येतं का, सूज येते का, हेही आधी विचारून ठेवा. कोजागरीच्या दुधालाही हाच नियम: बदाम-काजू घालायचे तर बारीक पूड करून.

सिताफळ आणि आपटा

या दिवसांत आमच्या डोंगरात सिताफळं पिकतात. बीडच्या सिताफळाला भौगोलिक मानांकन आहे. लेकरांना ते माहीत नसलं तरी डोळे उघडलेलं फळ कोणतं आणि कच्चं कोणतं, हे ती माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. दोघांत एक फळ द्या. खाऊन झाल्यावर बिया धुऊन, वाळवून मोजायच्या. कुणाच्या फळात जास्त निघाल्या, ओळ कुणाची लांब, एवढं गणित या वयाला पुरे. बिया चावू देऊ नका, फोडू देऊ नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. मोजून झालं की बिया बरणीत घालून बरणी उंचावर ठेवा, कारण बी नाकात घालणारं एक तरी लेकरू दरवर्षी असतं. तसं झालंच तर काडीने किंवा बोटाने काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टरकडे न्या. शिवारात फिरायला नेताना गुंज, कण्हेर आणि धोत्रा ही विषारी झाडं लेकरांच्या हाती लागणार नाही, एवढं बघा.

दसऱ्याला लोक आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतात. मला ते बघवत नाही. लेकरांना झाडापाशी न्या आणि एकाला एकच पान तोडू द्या. आपट्याचं पान लहान, रुंद आणि दुभंगलेलं असतं. कांचनाचं त्याच घडणीचं, पण मोठं. पान कागदाखाली ठेवून वरून रंगीत खडू आडवा घासला की शिरा उमटतात. त्या कागदाच्या पाठीवर मी त्या लेकराने त्या आठवड्यात म्हटलेलं एक वाक्य लिहिते आणि सोनं म्हणून घरी पाठवते. ज्या घरात वाचणारं कुणी नाही, तिथे लेकराकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेते. निरोप्या तोच.

घराशी बोलणं

"सर्व पालकांना सूचित करण्यात येते की" असं लिहिलेला कागद आमच्या वाडीत कुणी वाचत नाही, आणि वाचला तर माणसं घाबरतात. मी फोनवर वीस-पंचवीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवते. आजीलाही ऐकता येतो. त्याची घडण अशी असते:

"राम राम. मी अंगणवाडीतली ताई बोलतेय. आज सगळ्यांनी मातीत हात घातले, हात धुऊन झालेत. उद्या पेरणी आहे. लेकरासोबत मूठभर धान्य पाठवा, घरात असेल ते. नसलं तर तसंच पाठवा, माझ्याकडे आहे."

आधी घडलेलं चांगलं, मग एकच मागणी, मग "नसलं तरी चालेल". हे शेवटचं वाक्य विसरू नका, गैरहजेरी त्याने कमी होते. एका निरोपात दोन मागण्या घातल्या की एकही पुरी होत नाही, हा माझा अनुभव. लेकराची तक्रार मात्र फोनवर कधीच नको. ती समोरासमोर सांगायची, आणि लेकराच्या देखत नाही. फोटो काढायचा तर विचारून, आणि तो ज्याच्या त्याच्या घरीच पाठवायचा. आपल्या स्टेटसला दुसऱ्याची लेकरं लावू नयेत.

पालकसभा सकाळी अकराला ठेवून "पालक येत नाहीत" म्हणणं मला पटत नाही. सोयाबीनची काढणी गुत्त्याने, म्हणजे टोळीने ठेका घेऊन, चालते. एक माणूस गेला तर सगळ्या टोळीची मजुरी अडते. मी संध्याकाळी पारावर बसते, दिवेलागणीनंतर, पाऊण तास. पुरुषही येतात. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी या गावी लहान लेकरांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, आणि पुढे शाळेत न येणाऱ्या लेकरांच्या अंगणातच बालवाडी नेली. अंगणवाडी हे नाव त्या विचारातलं. लेकरांसाठी अंगणात जायचं, तर आईबापासाठी पारावर जायला काय हरकत आहे?

निघणाऱ्यांची पिशवी

दसऱ्यानंतर रोज विचारत राहा: तुमची गाडी कधी? तारीख कुणालाच नक्की ठाऊक नसते, कधीकधी रात्रीतून निघावं लागतं. म्हणून पिशवी आधीच भरून ठेवा. जुन्या साडीची शिवली तरी चालते. तिच्यात लेकराचं लसीकरणाचं कार्ड, ताजं वजन-उंची लिहिलेली चिठ्ठी, माझा फोन नंबर ठळक आकड्यांत, पानाचा ठसा, खडूचे चार तुकडे आणि पाटी. आईला तोंडाने सांगा: जिथे कोपी (ऊसतोडीवाल्यांची तात्पुरती झोपडी) पडेल तिथल्या गावात अंगणवाडी असते, कार्ड घेऊन जा, लेकराला आहार मागा, तो त्याचा हक्क आहे. लहानपणी माहेरच्या शिवारात कोप्या पडायच्या, तेव्हा त्यांतली लेकरं उसाच्या फडाच्या कडेला दिवसभर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना अंगणवाडीत बोलवावं असं आम्हा गावकऱ्यांना सुचलं नव्हतं. ज्यांच्या गावात कारखाना आहे, त्या सेविका हे वाचत असतील तर एवढं करा: गाड्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात कोप्यांवर एक चक्कर मारा.

आजीपाशी राहिलेल्यांचं दुखणं निराळं. पहिले आठ दिवस ती चिडतात, ढकलतात, काही जण पुन्हा चड्डीत शू करतात. रागवू नका, आजीलाही सांगा की हे होतं. ठरलेल्या वारी, माय फडावरून कोपीत आल्यावर, फोन लावा. वेळ मायलाच विचारा. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते, आपल्या सोयीची वेळ तिला चालत नाही. फोनवर "काय करतोस?" विचारलं की लेकरू गप्प होतं. त्यापेक्षा त्याला खिरापत ओळखायला लावा. पलीकडून माय म्हणते, "सांग बरं, आज मी काय शिजवलंय?" आणि इकडून सुरू होतं: गोड का तिखट?

गेलेल्या लेकरांच्या खुंट्यांवरची नावं काढू नका. गुढीपाडव्याला ती परत येतात तेव्हा आधी खुंटीच बघतात.