गिन्यांगा भाषेचा नकाशा काढताय? या चुका टाळा

नकाशा चुकला की सहसा लगेच कळतं. गिन्यांगाच्या बाबतीत चुकलेला नकाशाही बरोबर दिसतो, तिथेच गोची आहे.

ही पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाची छोटी भाषा. देशाच्या मध्य भागात ब्लिट्टा, आग्बांदी, पागाला या गावांच्या आसपास बोलली जाते. कूळ गुआंग. या कुळातल्या बहुतेक भाषा शेजारच्या घानात आहेत, आणि पुढची पहिली चूक त्यामुळेच लपते.

ब्लिट्टा साधारण 8.3 अंश उत्तर, 1 अंश पूर्व इथे आहे. ग्रिनिचची रेषा घानातून जाते, म्हणजे शून्य अगदी हाकेच्या अंतरावर. घानातल्या गावांच्या यादीत रेखांशामागे बहुतेक ठिकाणी उणे चिन्ह असतं. त्याच तक्त्यात खाली टोगोच्या ओळी चिकटवल्या आणि उणे तसंच राहिलं, की ब्लिट्टा उडी मारून घानात जातं. तिथे आजूबाजूला गोंजा, चुंबुरुंग अशा गुआंग भाषाच असल्यामुळे ठिपका परका वाटत नाही. माझा असा एक ठिपका बरेच दिवस निवांत बसला होता. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल त्यापेक्षा परवडली. तेव्हा गाव थेट गिनीच्या आखातात, समुद्रात पडतं आणि आपण जागे होतो. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश, एवढं पाहिलं की काम होतं. उणे चिन्हासाठी टोगोची हद्द वर टाका आणि तिच्या बाहेर पडलेले ठिपके वेगळे काढा.

नावाचा घोळ

भाषा गिन्यांगा, माणसं आन्यांगा. सुरुवातीचा ‘गि’ हा भाषेच्या नावाला लागणारा उपसर्ग आहे. घानाच्या बाजूच्या गिचोडे या जवळच्या नातेवाईक भाषेतही तोच दिसतो. फ्रेंच कागदपत्रांत ‘आन्यागान’ असंही रूप सापडतं आणि त्यात ‘न्य’साठी ‘जी-एन’ ही अक्षरं लिहितात. त्यामुळे एकच भाषा यादीत दोन-तीनदा येते आणि नकाशावर तिच्या दोन-तीन भाषा होतात. उलट, उपसर्ग काढून नुसतं ‘न्यांगा’ शोधलंत तर काँगोतली एक वेगळीच, बांटू कुळातली भाषा, गॅबनमधला प्रांत आणि झिंबाब्वेतलं गाव हाती लागतं. नावावर विसंबू नका. आयएसओ ही मानकं ठरवणारी जागतिक संस्था प्रत्येक भाषेला तीन अक्षरी कोड देते. गिन्यांगाचा एवायजी, तो धरून चला.

स्टेशन की गाव?

इथे मात्र घाई करू नये. राजधानी लोमेहून येणारी रेल्वे फ्रेंचांच्या काळात, 1930च्या दशकात ब्लिट्टापर्यंत पोहोचली. स्टेशनाभोवती नवी वस्ती उभी राहिली, आणि आज नकाशावर ब्लिट्टा-गार वेगळं, ब्लिट्टा-व्हिलाज वेगळं. पागालाचंही तसंच. ‘गार’ म्हणजे स्टेशन, ‘व्हिलाज’ म्हणजे गाव. नुसतं ‘ब्लिट्टा’ शोधलं की संगणक बहुधा मोठी वस्ती दाखवतो आणि आपण तीच उचलतो. पण स्टेशनाची वस्ती म्हणजे चहूकडून आलेली माणसं. शिवाय 1920च्या दशकापासून फ्रेंच प्रशासनाने उत्तरेतल्या काबिये आणि नावदेबा लोकांना या मध्य पट्ट्यात आणून वसवलं, बऱ्याच जणांना सक्तीने. त्यामुळे हमरस्त्यालगत काबिये भाषाच जास्त कानावर पडली तर नवल नाही. म्हणून दोन्ही वस्त्यांचे ठिपके वेगळे ठेवा आणि माहिती नेमकी कोणत्या वस्तीची, ते तक्त्यात लिहा.

याच कारणाने अख्खा ब्लिट्टा प्रीफेक्चर (म्हणजे जिल्हा) एका रंगाने भरणं ही सर्वांत मोहात पाडणारी चूक ठरते. हद्दीची फाइल तयार मिळते, रंग भरायला एक मिनिट लागतं, नकाशा देखणा होतो. आणि तिथले काबिये किंवा आदेले या दुसऱ्या भाषा बोलणारे एका क्लिकसरशी नाहीसे होतात. गावांचे ठिपके द्या. क्षेत्रच दाखवायचं असेल तर गावांभोवती फिकट पट्टा काढा आणि जिथे दोन भाषा आहेत तिथे तिरप्या रेघा मारा. ग्लॉटोलॉग या जगातल्या भाषांच्या ऑनलाइन सूचीवर भाषेला एकच बिंदू दिलेला असतो. तो ओळखीपुरता असतो. त्याच्याभोवती वर्तुळ काढून ‘भाषाक्षेत्र’ म्हणू नका.

सीमेचंही तेच. आदेले टोगोतही आहे आणि घानातही. तेव्हा टोगोपुरताच नकाशा असेल तर पश्चिमेची कड मोकळी दिसेल, पण भाषा तिथे संपत नाही, असा खुलासा नकाशाच्या सूचीत टाका.

ठिपका अजूनही भलतीकडे पडत असेल तर मूळ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. फ्रेंच तक्त्यांत दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलमध्ये, त्याच स्वल्पविरामाने रकाना तुटतो आणि 8.3 चे 8 आणि 3 असे दोन आकडे होतात.