एक-चौदाच्या उताऱ्यात कथा कशी शोधायची

गोव्यात फोंड्याला एका वकिलांकडे मी वीस वर्षं टायपिंग करते. दिवाळी अंकात कथा आली की शेजारीण विचारते, "तुका सुचता तरी कशें गो?" सुचत नाही बाई, टायप करता करता सापडते.

सुरुवात सह्यांपासून करा. आपल्याकडे 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे पाच भावांचं घर विकायला पाच सह्या पुरत नाहीत. पाच जावांच्याही लागतात, शिवाय बहिणी आणि त्यांचे नवरे. दस्त हाती आला की मी एवढंच बघते: सगळ्यांत शेवटी सही कोणाची आली?

एकदा अशीच एका जावेची सही राहिली होती, ती होती लिस्बनला. (नावगाव बदलून सांगतेय, शोधत बसू नका.) मुखत्यारपत्र आलं, सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी. विहिरीकडच्या मानकुरादाचे आंबे दर मे महिन्यात मुंडकारणीच्या (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या बाईच्या) घरी पोचले पाहिजेत, बाकी काही नको. दीर हसले. माझा चहा निवला. मुंडकारणीलाच का, हे मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. खरं कारण कळलं की मग तेच लिहावं लागतं.

वकिलांचं ऑफिस नसलं तरी अडत नाही. आपल्याच घराचा एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे आपला गोव्याचा सातबाराच; ऑनलाइन मिळतो. कब्जेदाराचं नाव सोडा, ते आपल्याला पाठच असतं. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने वाचा. अनोळखी नाव दिसलं की रात्री जेवताना आजीसमोर सहज उच्चारायचं आणि तिचा हात ताटात कुठे थांबतो ते बघायचं. वर्तमानपत्रातल्या नाव बदलल्याच्या जाहिरातीही चाळाव्यात.

मग बदला. पहिल्या कथेत मी आडनाव तेवढं बदललं; तुळस, न्हाणी, पायऱ्या होत्या तशाच ठेवल्या. अंक आल्यावर चौथ्या दिवशी पक्षकार दारात. ओरडला नाही. "आमच्या पायऱ्या चार नव्हेत, पाच," एवढंच म्हणाला. वकील महिनाभर कामापुरतंच बोलले.

तेव्हापासून तिसवाडी तालुक्यातलं घर मी सत्तरी तालुक्यात नेते. मानकुरादाचा फणस केला, तर नवीनच अडचण. आंब्यांची पिशवी कथेतली म्हातारी एकटी नेईल, पण वीस किलोचा फणस? सोबत कोणीतरी हवं. म्हणून सायकलवाला पुतण्या आला, तिच्याशी दहा वर्षं न बोललेला. कॅरियरला सुंभाने बांधलेला फणस, मागे धरून चालणारी ती, आणि चढ.

गेल्या गणपतीपासून दोघं त्या चढावरच आहेत. यंदाच्या अंकाची मुदत जवळ आलीय आणि फणस पिकायला लागलाय.