टेक्स्ट एडिटरचं पॅकेज बांधायला बसण्याआधी

पॅकेजिंग, म्हणजे प्रोग्रॅम कुणालाही सहज बसवता येईल अशा गठ्ठ्यात बांधणं, शिकायचं म्हटलं की इकडची पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, "दादा, सी प्लस प्लस किती यायला पाहिजे?" वाचता आलं तरी भागतं. एडिटर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. तो अनोळखी माणसाच्या डेबियनवर, म्हणजे या नावाच्या लिनक्स प्रणालीवर, बिनबोभाट बसला पाहिजे आणि काढला तर मागे पसारा न ठेवता निघाला पाहिजे, एवढंच आपलं काम. मी हे नांदेडात राहून, नोकरी सांभाळून करतो. पुणं गाठायची गरज अजून तरी पडलेली नाही.

सोर्समध्ये, म्हणजे एडिटरच्या मूळ कोडमध्ये, 'डेबियन' नावाचं फोल्डर करायचं. त्यात मुख्य फायली चार: कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग आणि कॉपीराइट. रूल्स म्हणजे बांधणीच्या सूचना, ती डेबहेल्पर या मदतनीस साधनामुळे बहुतेक वेळा तीन ओळींत आटोपते. फक्त तिसऱ्या ओळीआधी टॅब लागतो, तिथं स्पेस दिली की मेक हे त्या सूचना चालवणारं साधन अडून बसतं. चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, त्याहून नखरेल. सहीच्या ओळीला आधी एक स्पेस, मग दोन डॅश, नाव, ईमेल आणि तारखेआधी बरोबर दोन स्पेस. हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका, डीसीएच ही कमांड त्याचसाठी आहे.

नवख्यांची खरी दमछाक होते ती कंट्रोलमधल्या 'बिल्ड-डिपेंड्स'पाशी, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीपाशी. तुमच्या लॅपटॉपवर खिडक्या-बटणं बनवणाऱ्या क्यूटी किंवा जीटीकेच्या डेव्हलपमेंट लायब्ररी आधीच पडलेल्या असतात. त्यामुळे यादीत एखादं नाव राहिलं तरी बिल्ड झोकात होतं आणि दुसरीकडे कोसळतं. म्हणून एसबिल्ड हे साधन वापरून कोऱ्या, म्हणजे आधी काही न बसवलेल्या वातावरणात बांधायचं. तिथं दर वेळी सगळी पॅकेजं नव्यानं उतरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि लाईटच्या भरवशावर काम करणाऱ्याला हे परवडत नाही. आधी ॲप्ट-कॅशर-एनजी बसवून घ्या. एकदा उतरलेलं पॅकेज ते घरातच साठवून ठेवतं.

कॉपीराइट फाईल सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, मला मात्र पॅकेजिंगचा कस तिथंच लागतो असं वाटतं. एडिटरच्या पोटात इतरांचा बराच माल असतो. जीनी या एडिटरचंच बघा, त्यात सिंटिला हा एडिटिंगचा घटक सोबतच येतो आणि त्याचा परवाना जीनीच्या जीपीएल या परवान्याहून वेगळा आहे. आयकॉन, रंगसंगतीच्या फायली, सगळ्यांचे मालक आणि परवाने शोधून लिहावे लागतात. नवं पॅकेज डेबियनमध्ये जाण्याआधी 'न्यू' नावाच्या रांगेत थांबतं, तिथं माणसं हे तपासतात.

मग मेनूची फाईल. या डेस्कटॉप फायलीत माइमटाइप, म्हणजे एडिटर कुठल्या प्रकारच्या फायली उघडतो ते, लिहिला नाही तर राइट-क्लिकच्या 'यानं उघडा' यादीत तुमचा एडिटर दिसतच नाही. तिथंच 'नेम'पुढे चौकटी कंसात एमआर हा मराठीचा कोड लिहून मराठी नाव देता येतं, ते जरूर द्या. टर्मिनलचा एडिटर असेल तर 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' शिकावं लागेल, एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅमांतून कुठला उघडायचा ते त्यानं ठरतं. नॅनो या एडिटरची प्राधान्यसंख्या ४० आणि विम या दुसऱ्याची ३०, म्हणून 'एडिटर' अशी कमांड दिली की नॅनो उघडतो. आपलं पॅकेज लाडकं म्हणून १०० टाकू नका, लोक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

शेवटी पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन चालवा. ते काय म्हणतं ते सगळं वाचा, पण सूचना गप्प करायला ओव्हरराइड, म्हणजे 'हे दुर्लक्षित कर' अशा नोंदी, टाकत सुटू नका.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदाच नवा एडिटर डेबियनमध्ये आणायला जाऊ नका. एडिटर तिथं उदंड आहेत, सांभाळणारे कमी. डेव्हस्क्रिप्ट्स हे पॅकेज बसवा आणि त्यातली 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' ही कमांड चालवा. तुमच्याच मशीनवरची कुठली पॅकेजं बेवारस झालीत किंवा मदत मागताहेत, त्यांची यादी समोर येते. रोज वापरता असं एक उचला. अपलोडचा अधिकार लगेच मिळत नाही, एखाद्या डेबियन डेव्हलपरला स्पॉन्सर व्हायची, म्हणजे तुमचं पॅकेज तपासून आपल्या अधिकारात चढवायची, विनंती करावी लागते. उत्तर आलं नाही तर काही दिवस थांबून एकदा आठवण करा, पण त्याआधी कोऱ्या वातावरणात पुन्हा एकदा बांधून बघा, कारण तोही सगळ्यात आधी तेच करणार.