अर्जित हिमोफिलिया: रक्तस्रावाचा धोका कसा ओळखावा आणि कसा टाळावा

अर्जित, म्हणजे जन्मजात नसून नंतर झालेल्या, हिमोफिलियामध्ये रुग्णाचे शरीर रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या आठव्या घटकाविरुद्धच (फॅक्टर VIII या प्रथिनाविरुद्ध) प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करू लागते. दरवर्षी दहा लाखांत साधारण १ ते २ जणांना होणारा हा आजार मुख्यतः उतारवयात आणि काही वेळा प्रसूतीनंतरच्या महिन्यांत दिसतो. घरात कोणालाही असा त्रास नसल्यामुळे संशय उशिरा येतो. म्हणून मार न लागता अंगावर मोठे काळेनिळे डाग उठले आणि रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्यांपैकी पीटी सामान्य असूनही एपीटीटी वाढलेला आढळला, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.

आठव्या घटकाची पातळी किंवा प्रतिपिंडांचे प्रमाण पाहून रक्तस्राव किती गंभीर होईल, हे सांगता येत नाही, आणि माझ्या मते कुटुंबीयांनी सर्वात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. डाग फिके पडले, रुग्णाला बरे वाटू लागले, तरी प्रतिपिंडे पूर्णपणे नाहीशी होईपर्यंत जीवघेणा रक्तस्राव केव्हाही होऊ शकतो.

या काळात स्नायूत इंजेक्शन घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके टाळावीत, मात्र हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. दात काढणे किंवा कोणतीही छोटी शस्त्रक्रिया शक्य तितकी पुढे ढकलावी, आणि ती अटळच असेल तर रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी.

आतला रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाही. जांघेत किंवा कमरेत दुखून पाय सरळ करता न येणे, हातापायाचा स्नायू ताठ होऊन बधिरता येणे, जीभ किंवा गळा सुजणे, काळी शौच होणे, अचानक तीव्र डोकेदुखी होणे, चक्कर येऊन चेहरा पांढरा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे आणि आजाराचे नाव लिहिलेला कागद पहिल्याच डॉक्टरांच्या हाती द्यावा.

तेथे प्रतिपिंडांना वळसा घालून रक्त गोठवणारी औषधे, उदाहरणार्थ सक्रिय सातवा घटक, दिली जातात. या औषधांमुळे गुठळी होण्याचाही धोका असतो, त्यामुळे छातीत दुखल्यास किंवा एक पाय सुजल्यास लगेच सांगावे. प्रतिपिंडे नष्ट करण्यासाठी स्टिरॉइड आणि गरजेनुसार सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. उपचार संपल्यावरही आजार उलटू शकतो; म्हणून एपीटीटी आणि आठव्या घटकाच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या अंतराने चालू ठेवाव्यात.